घरचं सगळं चालेल, बॅटरी सोडून

तानसा, ता. शहापूर
सर्वपित्री अमावास्या

चि. ओंकार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं नुसतं ‘हो मामा, हो मामा’ असतं आणि फोन ठेवला की विषय संपतो. म्हणून कागदावर लिहितोय. कागद उशाशी राहतो, पुन्हा काढून वाचता येतो. आज अमावास्या, शेतावर कोणी जात नाही, म्हणून सवडीने बसलोय.

तुझ्या खेळण्यातल्या ट्रकचे फोटो पोचले. मामीने ते मोठे करकरून पाहिले आणि शेजारीपाजारी दाखवूनही आली. गाडी देखणी झालीय, त्यात वाद नाही. पण शेवटच्या फोटोत कोपऱ्यात जे दिसलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले ते दोन सेल, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि चार्जिंगला लावलेत कुठे, तर गादीच्या कडेला! बाळा, हे पत्र त्यासाठीच आहे. बाकीचं ओघात येईल. ते विसरलास तरी माझी तक्रार नाही, हे मात्र विसरू नकोस.

इकडे सगळे खुशाल आहेत. धरण यंदा वेळेत भरून वाहिलं. मुंबईच्या बातम्यांत तेवढ्यापुरतं आपल्या तानशाचं नाव येऊन गेलं. हळवं भात निसवलंय, गरवं अजून पोटरीत आहे. रानडुकरांचा त्रास आहेच, रात्री आळीपाळीने राखणीला जातो. गौरीला तुझी आई सरळगावहून आली होती. तब्येत बरी आहे तिची, गुडघा तेवढा कुरकुरतो. पण तुझं नाव काढलं की सुरू. ‘पंचवीस वर्षांचा घोडा झाला, परमुलखात राहतो आणि पगार खेळण्यांत घालतो. तुम्ही मामाभाचे एकाच माळेचे मणी!’ मी ऐकून घेतलं. ताईपुढे माझं काय चालणार? पण मग तिला अरविंद गुप्तांची गोष्ट सांगितली. तुलाही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी आई रागावली तर उत्तर तयार असेल.

हा माणूस आयआयटी कानपूरला शिकला आणि पुण्याला टेल्कोत, म्हणजे ट्रकच्याच कारखान्यात, इंजिनिअर म्हणून लागला. १९७८ साली रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादकडे गेला. तिथे खेड्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या हातांनी विज्ञान शिकवायचं काम चाललं होतं. आठवडी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेतली, तिच्या तुकड्यांत आगकाड्या खोवल्या आणि त्यातून त्रिकोण, चौकोन, घरांचे सांगाडे उभे केले. पुढे पुण्याला आयुका या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात बरीच वर्षं टाकाऊतून खेळणी करत राहिला. २०१८ साली सरकारने पद्मश्री दिली. ट्रक सोडून खेळण्यांकडे गेलेला माणूस वाया गेला नाही, तर दिवसा कारखान्यात राबून रात्री खेळण्यातला ट्रक करणारा माझा भाचा कसा वाया जाईल? ताई काही बोलली नाही, पण जाताना म्हणाली, ‘त्याला म्हणावं निदान जेवत जा वेळेवर.’ तेव्हा जेवत जा.

आता गाडीबद्दल. तू तोंड नेमकं निवडलंस. तो पुढे नाक काढलेला, गोल बोनेटचा ट्रक म्हणजे टाटा-मर्सिडीज. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि तू राहतोस त्या जमशेदपुरातच हे ट्रक बनायला लागले. करार पंधरा वर्षांचा. १९६९ साली तो संपला, पुढच्या जाळीवरची तीन टोकांची चांदणी गेली आणि टाटांचा ‘टी’ आला. मी शहापूरच्या गॅरेजात बॉडीच्या कामाला लागलो तेव्हा ही नाकवाली मंडळी म्हातारी झाली होती, पण रस्त्यावर होती. मुरबाडकडून, आपल्या बाजूने गवताच्या गासड्या लादून मुंबईच्या तबेल्यांकडे निघायची. गवत इतकं उंच रचलेलं असायचं की मागून ट्रक दिसायचा नाही, गवतच चालत निघाल्यासारखं वाटायचं. तू हौदा कशाने भरणार आहेस? माझं ऐकशील तर गवतच भर. वजनाला हलकं, दिसायला भरघोस, आणि आपल्या भागाचं.

घरी केलेले भाग मी एकेक करून पाहिले. बाजूचे आरसे मामीच्या घागऱ्यावर लावतात तसल्या आरशाच्या टिकल्यांचे केलेस, ते मला आवडलं. हेडलाइटच्या काचेला गोळ्यांच्या पाकिटाचा फुगवटा कापून बसवलास, ते तर फारच. आत एलईडी लावताना ३३० ओमचा रेझिस्टर घाल म्हणजे तो जळायचा नाही. छत्रीच्या कापडाची ताडपत्रीही शोभते, फक्त तिच्या कडेला दोरा दुमडून शिव आणि बारीक डोळे पाड, दोरी ओवायला. हौद्याला आंब्याच्या पेटीच्या पट्ट्या वापरल्यास हे उत्तम. मात्र मागचा फाळका तू चिकटवून टाकलाय. असं नको. फाळका खाली पडला पाहिजे, साखळीला लटकला पाहिजे, नाहीतर माल उतरवायचा कुठून? पत्र्याची अरुंद पट्टी टाचणीभोवती पक्कडीने वळव, टोक दाबून बसव, की झाली बिजागरी. अशा दोन बिजागऱ्या केल्यास फाळका खऱ्यासारखा धाडकन पडेल.

रंगाची घाई करू नकोस. आधी पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग जिथे खड्डा असेल तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भर, पुन्हा घास आणि मगच रंग. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं की नाही, असं तू विचारलंस. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते लिहायला बंदी घातली, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. पण तुझा ट्रक त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा खुशाल लिही, कोणी चलान फाडणार नाही.

पण ओंकार, वजनाचं काय? तू म्हणालास, वाण्याच्या काट्यावर गाडी साडेतीन किलो भरली, आणि तेही अभिमानाने सांगितलंस. जरा हिशेब कर. तुझी गाडी खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्शाची. लांबी १६ पट कमी, रुंदी १६ पट कमी, उंचीही १६ पट कमी. म्हणजे वजन १६ गुणिले १६ गुणिले १६, चार हजार शहाण्णव पटींनी कमी व्हायला हवं. मालासकट ट्रक १० टनांचा धरला तरी तुझी भरलेली गाडी अडीच किलोच्या आत बसते. तुझी तर रिकामीच साडेतीन किलोची. सगळी केबिन तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केलीस ना, तिथे घात झाला. मडगार्ड आणि बोनेट पत्र्याचं राहू दे, ठोकून गोलाई छान आणलीस. पण टप आणि केबिनची मागची भिंत काढून तिथे सनबोर्ड लाव, दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो. रंग चढल्यावर फरक कोणाला कळणार नाही. गाडी वळताना कलंडत असेल तर टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगचं जुनं शिसं माग आणि एखादा तुकडा चॅसीला अगदी खाली चिकटव. वजन घालायचंच तर खाली घालावं, हे खऱ्या ट्रकलाही लागू आहे.

मी जन्मभर बॉडी बांधली. त्यातून एकच गोष्ट पक्की डोक्यात बसली. भार कुठे नाहीसा होत नाही, तो पुढच्याच्या डोक्यावर जातो. मालक म्हणायचे, हौदा वीतभर उंच करून दे, दोन खेपांचा माल एका खेपेत जाईल. हौदा उंच व्हायचा, मग स्प्रिंगचे पाटे तुटायचे. पाटे वाढवले की ॲक्सलवर यायचं, नाहीतर कसारा घाटात ब्रेक तापायचे. तुझ्या गाडीचंही तेच बघ. पत्रा जड झाला म्हणून गाडी चढेना. चढेना म्हणून तू मोठी मोटर टाकलीस. मोठ्या मोटरीने प्लास्टिकच्या गिअरचे दात खाल्ले, म्हणून लोखंडी गिअर मागवलेस. आता गिअर हार जात नाहीत, तेव्हा चाक दगडात अडकलं की मोटर जागच्या जागी थांबते, आणि थांबलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. वायर तापली म्हणून तू जाड वायर घातलीस. मग राहिलं कोण? बॅटरी. आणि बॅटरी कुठे, तर तुझ्या अंथरुणात. केबिनच्या टपावर चढवलेलं वजन फिरत फिरत तुझ्या उशाशी येऊन पोचलंय रे राजा.

म्हणून म्हणतो, मोठी मोटर काढ, आधीची परत लाव. जोर कमी पडेल असं वाटतं ना? पडणार नाही. अरे, तुला पळवायची कशाला आहे? ते ट्रक भरल्यावर ताशी ४० किलोमीटरने जायचे. त्याचा सोळावा हिस्सा अडीच किलोमीटर. म्हणजे तुझी गाडी चालत्या माणसापेक्षा हळू गेली तरच खरी वाटेल. तिला पळवलं की ती खेळण्यातलीच दिसणार. तेव्हा गिअर असे निवड की मोटर भरपूर फिरेल आणि चाक सावकाश. हळू फिरणाऱ्या चाकाला जोर आपोआप मिळतो, करंट कमी लागतो, आणि बॅटरीही निवांत राहते. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर काय सांगायचे, ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. 

पाटे मात्र घरी कर, त्यात धोका नाही आणि मजा खूप आहे. मोठ्या खोक्यांना जी लोखंडी पॅकिंगपट्टी बांधून येते, ती घे. कारखान्यात ढिगाने पडलेली असेल, पण विचारून घे. तिचे तुकडे काप, सगळ्यात लांब वर, त्याखाली आखूड, त्याखाली त्याहून आखूड. प्रत्येकाला हाताने किंचित बाक दे. मधोमध बारीक तारेचा यू-बोल्ट घालून आवळ. कापलेली टोकं कानशीने घास, नाहीतर बोट कापेल. मग गाडी जमिनीवर ठेव. स्वतःच्या वजनाने थोडी खाली बसली पाहिजे. ताठ उभी राहिली तर एक पाटा काढून टाक. विकतच्या गाडीचे पाटे बहुतेक वेळा नको तेवढे कडक असतात आणि मग एक चाक सारखं हवेत राहतं.

आता मूळ मुद्दा. तुझा फोटो घेऊन मी शहापूरला गेलो होतो. तिथे मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, हुशार आणि बोलायला गोड. त्याने फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन मला एक पत्र्याचा डबा दाखवला. अर्ध्यापर्यंत वाळू आणि वाळूत पुरीसारखा टम्म फुगलेला एक मोबाइलचा सेल. म्हणाला, ‘काका, हा टोचला तरी पेटेल.’ त्याने जे समजावलं ते तसंच्या तसं सांगतो.

लॅपटॉपच्या बॅटरीत एक सर्किट असतं. ते प्रत्येक सेलवर नजर ठेवतं आणि जास्त भरायला लागला किंवा फार रिकामा झाला की तोडून टाकतं. तू सेल काढून घेतलेस आणि तो पहारेकरी फेकून दिलास. शिवाय ते सेल जुने. एक कमी थकलेला, एक जास्त. दोन्ही एकामागे एक जोडून भरले की बिचारा थकलेला आधी ओसंडतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. कारखान्यात अशा सेलांना निकेलची पट्टी क्षणभराच्या वेल्डिंगने लावतात. तू सोल्डरिंग आयर्न टेकवून बसलास, म्हणजे आतपर्यंत उष्णता गेली. आणि लॅपटॉपचे सेल सावकाश वीज देण्यासाठी केलेले असतात, मोटरीचे झटके सोसायला नाहीत. यातलं एक जरी असतं तरी मी बोललो असतो. तुझ्याकडे चारही आहेत.

तेव्हा घरचं सगळं चालेल. टप घरचा, पाटे घरचे, फाळका घरचा, ताडपत्री घरची. बॅटरी मात्र विकतचीच आण, चांगल्या दुकानातून. गाडीसाठी बनवलेली ७.४ व्होल्टची, दोन सेलांची, आणि प्रत्येक सेल वेगळा बघून भरणारा बॅलन्स चार्जर. बॅटरीवर १५०० एमएएच लिहिलं असेल तर दीड अँपिअरच्या वर चार्जर लावू नकोस. घाई झाली तरी नको. चार्जिंग करायचं ते फरशीवर, मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवून, पडदा, गादी, कागद यांच्यापासून लांब. आणि तू जागा असताना, समोर असताना. लावून झोपायचं नाही, लावून ड्यूटीवर जायचं नाही, ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून चहाला जायचं नाही. चालवताना एका सेलचा दाब ३.३ व्होल्टच्या खाली गेला की खेळ बंद. चार-आठ दिवस गाडी चालवायची नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्यायचे, गच्च भरून नाही आणि रिकामेही नाही. बॅटरीच्या तारेत एक फ्यूज घाल, काही रुपयांचं काम आहे. आणि पडली, दबली, जराही फुगली तर टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. ते जुने दोन सेलही तिथेच जाऊ देत.

मला माहीत आहे, विकतची वस्तू घातली की आपण केल्याचं समाधान थोडं कमी होतं. पण मी बांधलेल्या बॉडीखालची चॅसी कधी मी केली नव्हती. ब्रेक मी केले नव्हते. काय आपल्या हाताने करायचं आणि काय दुसऱ्याच्या हातचं घ्यायचं, एवढं कळलं की कारागीर झाला.

आणखी एक गंमत. पाड्यावरच्या पोरांनी उन्हाळ्यात एक टँकर केला होता. प्लास्टिकची बाटली आडवी, तिला तारेचे ॲक्सल आणि जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेली चाकं. चाकं काचेच्या बाटलीचं तोंड ठेवून आखली होती, म्हणून अगदी गोल. बुचाला भोक पाडून नळ केला होता. त्यात पाणी भरायचं, सुतळीने ओढत न्यायचा आणि घरोघर ओंजळ-ओंजळ वाटायचं, असा त्यांचा खेळ. १८९२ पासून इथलं पाणी मुंबईला जातंय, आणि आपल्या तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघतात. मुलं जे बघतात तेच खेळतात. तुझ्या ट्रकचे फोटो त्यांना दाखवले तर त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘यात पाणी किती मावतं?’ तेव्हा पुढची गाडी टँकरच कर. त्यांना मी शब्द देऊन बसलोय.

दिवाळीला ये. टाटानगरहून कल्याणला थेट गाडी आहे, तिथून लोकलने आटगावला उतर, मी न्यायला येतो. ट्रक घेऊन ये. खळं सारवून ठेवलेलं असेल, तिथे चालवू. पोरं वाट बघतायत. प्रवासात बॅटरी गाडीतून काढून वेगळी ठेव, तारांच्या टोकांना चिकटपट्टी लाव, आणि खिळे, नाणी, किल्ल्या असलेल्या पिशवीत टाकू नकोस.

रात्री जागून काम करतोस ते फोटोंच्या वेळेवरून कळतं. दीड वाजताचा फोटो, अडीच वाजताचा फोटो. सकाळी सहाला पाळी असते तुझी. मशीनवर उभा राहतोस, डोळ्यावर झोप घेऊन उभा राहू नकोस. ट्रकला कोणी तारीख दिलेली नाही. साठ-सत्तर वर्षं जुनी गाडी आहे, आठ दिवस उशिरा झाली तर कुठे बिघडलं? रविवारी दुपारी कर, उजेडात कर. चार्जिंगसुद्धा तेव्हाच होऊन जाईल, म्हणजे माझ्याही जिवाला घोर नाही.

मामीचे आशीर्वाद. आजी तुझी आठवण काढते, तिला सवडीने फोन कर, ऐकू कमी येतं तर जरा मोठ्याने बोल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा
मामा

ता. क. : नव्या बॅटरीचे आणि चार्जरचे पैसे तुझ्या खात्यावर टाकायला शेजारच्या पोराला सांगितलंय. त्यात दुसरी मोटर घेऊ नकोस. बॅटरी आली की कुंडीत ठेवलेली दाखव, फोटो पाठव. तो आला तर ताईला मी काही सांगणार नाही, आणि आला नाही तर सगळं सांगेन.